कोपऱ्यातला दोन : आकड्यांची कोडी, सममिती आणि एक फसलेलं सुडोकू

पार्श्वभूमी

शाळा यवतमाळ जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी. गावाचं नाव देत नाही, मुलांचीही नाही. ओळखीपुरती टोपणनावं वापरतो. पाचवी, सहावी आणि सातवी माझ्याकडे, एकाच खोलीत. पटावर २३ मुलं. पण पटावरची मुलं वर्गात किती दिसणार, हे पऱ्हाटीवर, म्हणजे कापसावर, ठरतं. वावरात सीतादही (वेचणीआधीची पूजा) झाली, वेचणी लागली, की घरातली मोठी माणसं पहाटेच निघून जातात. सातवीतली पोरगी मग लहान भावाला सांभाळायला घरी राहते, नाहीतर कमरेला फडकं बांधून स्वतःच वेचायला जाते. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यावरही १२-१३ मुलंच येत होती, आणि रोज तीच नव्हे.

अशा दिवसांत धडा पुढे नेला तर निम्म्या वर्गाचा तो कायमचा सुटतो. नाही नेला तर आलेली मुलं आपण का आलो असं तोंड करून बसतात. म्हणून ज्याला मागचापुढचा धागा लागत नाही असं काहीतरी हवं होतं. मी आकडे मांडायची कोडी काढली. ओट्यावर खडूनं घरं आखायची आणि शीतपेयाच्या बाटल्यांच्या झाकणांवर आकडे लिहून ती मांडायची. झाकणं सहावीतल्या एका पोरानं बसस्टँडवरच्या टपरीमागून पिशवीभर आणली होती. त्याला पुढे झाकणवाला म्हणतो.

सममिती मुलांना नवी नव्हती. पुस्तकात ती असतेच: कागदाची घडी, फुलपाखरू, पिंपळाचं पान, सममितीचा अक्ष. शिष्यवृत्तीच्या तयारीत आरशातली प्रतिमा आणि पाण्यातली प्रतिमा येते. पण ती चित्रांची गोष्ट. आकड्यांच्या कोड्याशी तिचा काही संबंध असेल असं वर्गात कुणाच्या डोक्यात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात ते नीट बसलेलं नव्हतं.

अडचण

पहिलं कोडं नेहमीचंच: नऊ घरांत १ ते ९, आडवी, उभी, तिरपी कुठलीही ओळ घ्या, बेरीज १५. जादूचा चौरस. ओट्यावर तीन ठिकाणी घरं आखली, प्रत्येकाभोवती चार-चार मुलं. शनिवारची सकाळची शाळा होती, ऊन अंगावर घ्यावंसं वाटत होतं. तासाभरात तिन्ही गटांनी चौरस लावले आणि लगेच भांडण लागलं.

एका गटाचा चौरस असा होता:

८ १ ६
३ ५ ७
४ ९ २

दुसऱ्याचा असा:

२ ७ ६
९ ५ १
४ ३ ८

तिसऱ्याचा आणखी वेगळा. "सर, मायावालं बरोबर हाये, तिचं पाहा ना, उलटंच हाये." "उलटं कायले? बेरीज कर ना मग." तेवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण एकाच चौरसाभोवती समोरासमोर बसलेल्या दोन मुलांनी आपापल्या बाजूनं आकडे वहीत उतरवून घेतले, तेही जुळेनात, आणि एकानं दुसऱ्यावर झाकणं हलवल्याचा आळ घेतला. झाकणं कुणी हलवलेली नव्हती. दोघं एकच गोष्ट दोन बाजूंनी वाचत होते.

मुलांना हवं होतं एक बरोबर उत्तर. परीक्षेनं त्यांना तेच शिकवलंय: चार पर्याय, एक गोल काळा करा.

काय करता आलं असतं

सोपा मार्ग होता, "सगळ्यांचं बरोबर" म्हणून मोकळं व्हायचं. ते खरंही होतं. पण मग "किती उत्तरं आहेत?" हा प्रश्न जन्मालाच येत नाही, आणि भांडणात जी धार होती ती बोथट होते.

दुसरा मार्ग म्हणजे फळ्यावर मीच दाखवायचं की एक चौरस फिरवला की दुसरा मिळतो. दहा मिनिटांचं काम. मी आधी याच बाजूला झुकलो होतो, खडूसुद्धा हातात घेतला होता.

तिसरा, लगेच मोठ्या चौरसाकडे जायचं. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात कोरलेला चार-चारचा चौरस माझ्या वहीत लिहून ठेवलेला आहे, ओळीची बेरीज ३४. तो दाखवायचा मोह मोठा होता. नारायण पंडितांनी १३५६ मध्ये 'गणितकौमुदी'त अशा चौरसांवर भद्रगणित नावाचं अख्खं प्रकरण लिहिलं, हेही सांगता आलं असतं. पण चार-चारचे चौरस फिरवून-उलटून सारखे होणारे एकच धरले तरी ८८० भरतात. फ्रेनिकल द बेस्सी या फ्रेंच गणितीनं केलेली ही मोजणी त्याच्या मृत्यूनंतर १६९३ मध्ये छापली गेली. प्रत्येकाची आठ रूपं धरली तर ७०४०. नऊ घरांवरून भांडणाऱ्या मुलांना त्या जंगलात नेण्यात अर्थ नव्हता. तो विचार सोडला.

खडू खाली ठेवला तो एका मुलीमुळे. ही सातवीतली, गावात कुणाकडे लग्न असलं की दारातली मोठी रांगोळी हिच्याकडे असते. ती आपल्या जागेवरून उठली, चौरसाला वळसा घालून समोरच्या मुलाच्या मागं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सर, इकून पाह्यलं का तेच हाये." मी गप्प राहायचं ठरवलं. या प्रकरणात माझे जे दोन-तीन निर्णय बरोबर ठरले, त्यातला हा एक.

काय केलं: फिरणं आणि उलटणं

पुढचा अर्धा तास सगळा वर्ग चौरसांभोवती प्रदक्षिणा घालत होता. एका चौरसाला चार बाजू, म्हणून तो चार प्रकारे वाचता येतो, हे लवकर समजलं. पण वर दिलेले दोन चौरस कितीही फिरलं तरी एकमेकांशी जुळेनात. दवाखान्यातून आणलेली एक्स-रेची जुनी फिल्म माझ्या कपाटात होती. मार्करनं पुसट लिहायला ती बरी पडते. तिच्यावर पहिला चौरस उतरवला, खिडकीकडे धरला आणि फिल्म पालटली. आता फिरवल्यावर दुसरा चौरस मिळाला. चार बाजू सरळ, चार बाजू पालटून, मिळून आठ. तिसऱ्या गटाचा चौरसही या आठांतच निघाला.

"मंग आठच असतीन का?" हा प्रश्न झाकणवाल्याचा. इथं मी सोमवारपर्यंत थांबलो. सोमवारी जे झालं तेच मला या सगळ्यात जास्त मोलाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आठच आहेत हे कळायला सगळ्या मांडण्या तपासायच्या म्हटलं तर नऊ झाकणं ३,६२,८८० प्रकारे मांडता येतात. रांगोळीवालीनं मात्र ओट्यावरच्या घरांकडे रांगोळीसारखं पाहिलं. ठिपक्यांच्या रांगोळीत ती एक पाकळी काढते आणि उरलेल्या तीन तशाच असणार हे तिला मोजावं लागत नाही. ती म्हणाली, घरं नऊ नाहीतच, तीनच आहेत: कोपरा, दोन कोपऱ्यांच्या मधलं घर आणि मधोमध. चारही कोपरे सारखे, चारही मधली घरं सारखी.

मग १ कुठे बसेल? नऊ नाही, तीनच जागा तपासायच्या. १ सोबत १४ ची बेरीज देणाऱ्या जोड्या दोनच: ५ आणि ९, ६ आणि ८. म्हणजे १ फक्त दोन ओळींत असू शकतो. कोपऱ्यातलं घर तीन ओळींत येतं: आडवी, उभी, तिरपी. मधोमधचं चार ओळींत. दोन्हीकडे १ ला जागा नाही. उरलं मधलं घर. चार मधली घरं सारखीच, म्हणून १ वरच्या ओळीत मध्ये ठेवू, आपण चौरसाभोवती फिरलो की बाकीचे तिन्ही मिळतील.

मधोमध ५ च का, हे मला थोडं ढकलावं लागलं. मधून चार ओळी जातात, त्यांची मिळून बेरीज ६०. त्यांत सगळे आकडे एकदा येतात, म्हणजे ४५, आणि मधला तीनदा जास्तीचा. ६० मधून ४५ गेले, उरले १५, त्याचा तिसरा हिस्सा ५. म्हणून १ च्या खाली ५, त्याच्या खाली ९. वरच्या ओळीत १ च्या दोन बाजूंना ६ आणि ८. कोण डावीकडे? काही फरक पडत नाही, फिल्म पालटली की अदलाबदल होते. ८ डावीकडे ठेवला आणि उरलेले चार आकडे आपोआप बसले. १ साठी चार जागा, ८ साठी दोन बाजू, चार दुणे आठ. नववा चौरस असू शकत नाही.

पाचवीतल्या पोरांना शेवटचं कितपत समजलं, शंका आहे. पण "काही फरक पडत नाही" हे वाक्य वर्गात रुजलं. कोडं समोर आलं की आधी विचारायचं: यातल्या कुठल्या जागा सारख्याच आहेत?

काय केलं: आकड्यांची अदलाबदल

पुढच्या आठवड्यात त्रिकोण दिला. तीन कोपरे, तीन बाजूंच्या मधोमध तीन घरं, त्यांत १ ते ६. प्रत्येक बाजूची बेरीज सारखी हवी, किती ते सांगितलं नाही. मुलांनी आधी आठ उत्तरं शोधायला सुरुवात केली, कारण मागच्या वेळी आठ होती! त्रिकोण तीन प्रकारे फिरतो आणि पालटून आणखी तीन, म्हणून इथं आठ नाही, सहाचा घोळका असतो. हे कळायला अर्धा दिवस गेला. सांगायला वेळ लागला नसता, पण सांगितलं नाही.

मग एका गटाला बाजूची बेरीज ९ आली, दुसऱ्याला १२. ९ वाल्यांच्या कोपऱ्यांत १, २, ३. १२ वाल्यांच्या कोपऱ्यांत ४, ५, ६. हे फिरवून होत नव्हतं, पालटूनही नव्हतं. इथं मी एक खूण दिली: प्रत्येक झाकण काढा आणि ७ मधून वजा करून येईल ते झाकण ठेवा. १ च्या जागी ६, २ च्या जागी ५, ३ च्या जागी ४. ९ चा त्रिकोण १२ चा झाला. मग १० चा सापडला, कोपऱ्यांत १, ३, ५, आणि कुणी न शोधता ११ चा हातात पडला, कोपऱ्यांत ६, ४, २. निम्मं काम वाचलं.

म्हणजे सारखेपणा दोन तऱ्हांचा झाला. एक जागांचा: फिरवणं, पालटणं. दुसरा आकड्यांचा: १ चं ६ करणं. दोन्ही एकदम वापरले तर काय होतं, या प्रश्नानं मला पुढच्या खड्ड्यात नेलं.

खड्डा

सुडोकू मुलांना माहीत होतं. किराणा दुकानातून पुडीच्या कागदावर ते घरी येतं. वर्गात मी चार-चारचं छोटं सुडोकू वापरतो: प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि दोन-दोनच्या चौकटीत १ ते ४ एकेकदाच. मला एक असं कोडं करायचं होतं ज्यात दोन्ही सारखेपणा एकत्र लागतील. रात्री बसून हे बनवलं:

· १ · ·
२ · · ३
· · · ·
· ३ · ·

वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यात तिरपी रेघ ओढा आणि कागद त्या रेघेवर पालटा. १ जाऊन बसतो २ च्या जागी, २ बसतो १ च्या जागी, ३ बसतो ३ वर. आता १ ला २ म्हणा आणि २ ला १. कोडं जसंच्या तसं परत मिळतं.

यावरून मी वर्गात असं मांडलं. समजा उत्तर सापडलं. ते पालटा, १ आणि २ ची अदलाबदल करा. दिलेले आकडे तेच राहतात, म्हणजे जे मिळालं तेही याच कोड्याचं उत्तर. पण कोड्याला उत्तर एकच असतं, म्हणून जे मिळालं ते पहिलंच उत्तर असणार. तिरप्या रेघेवरची चार घरं पालटताना जागची हलत नाहीत. त्यांतला आकडाही बदलू नये, म्हणजे तिथं १ किंवा २ असूच शकत नाही, नाहीतर अदलाबदलीत तो बदलेल. तिरप्या रेघेवर फक्त ३ आणि ४. एकही घर न सोडवता चार घरांबद्दल एवढं कळलं. मुलं खूश, मी त्यांच्याहून खूश. हे उत्तर निघालं:

३ १ ४ २
२ ४ १ ३
४ २ ३ १
१ ३ २ ४

तिसऱ्या दिवशी एक मुलगी शाळेत आली. दहा-बारा दिवस ती आईसोबत वेचणीला होती, बोटांना बोंडांचे ओरखडे. फिरवणं, पालटणं, अदलाबदल, यातलं तिनं काहीच ऐकलेलं नव्हतं. फळ्यावर कोडं होतं, तिनं वहीत उतरवलं आणि सरळ, घर धरून सोडवलं. तिचं उत्तर:

३ १ २ ४
२ ४ १ ३
४ २ ३ १
१ ३ ४ २

खालच्या उजव्या कोपऱ्यात २. तिरप्या रेघेवर २.

मी वही पाहिली आणि म्हणालो, "तिथं दोन येऊच शकत नाही." लाल पेनानं त्या २ भोवती गोल केला. आधी ओळी तपासल्या नाहीत, चौकट तपासली नाही. ती वाद घालणारी नव्हती, वही घेऊन गेली. पाचेक मिनिटांनी परत आली. "सर, मंग कुठी चुकलं ते सांगा ना जी. मले तर नाही दिसून रायलं."

कुठेच चुकलेलं नव्हतं. ओळी बरोबर, चौकटी बरोबर, दिलेले चारही आकडे जागेवर.

चूक कुठे होती

तर्कात नव्हती. तर्काचा एक खांब असा होता की उत्तर एकच आहे, आणि तो मी न तपासता रोवला होता. मला दोन गोष्टी माहीत होत्या आणि त्यांच्यावर मी निवांत होतो. एक, चार-चारच्या सुडोकूला कमीत कमी चार आकडे दिलेले लागतात. मी चार दिले होते. दुसरी, चारांपैकी किमान तीन वेगवेगळे आकडे दिलेल्यांत दिसायला हवेत. दोन आकडे दिलेल्यांत मुळीच नसतील तर उत्तरात त्यांची अदलाबदल करून दुसरं उत्तर मिळतं. नऊ-नऊच्या सुडोकूत याच कारणानं नऊपैकी किमान आठ आकडे दिसावे लागतात. माझ्या कोड्यात १, २, ३ होते. पण या दोन्ही अटी पाळल्या नाहीत तर कोडं नक्की बिघडतं, पाळल्या म्हणजे ते नक्की बरं असतं असं नाही. नऊ-नऊच्या सुडोकूला किमान १७ आकडे लागतात हे २०१२ मध्ये संगणकावर दाखवलं गेलं, याचा अर्थ कुठलेही १७ चालतात असा कुणी घेत नाही. मी चारच्या बाबतीत नेमका तोच घेतला होता.

आणखी एक गोष्ट होती, सांगायला जरा जड जाते. तर्क मला फार आवडला होता. डोळ्यांसमोरचं उत्तर तपासायच्या आधी मी त्याला नियम लावला. त्या मुलीकडे नियम नव्हता, म्हणून तिनं कोडं पाहिलं.

पुढचा निर्णय

आता तीन वाटा होत्या. कोडं फळ्यावरून पुसायचं आणि "माझी मांडणी चुकली" म्हणायचं. किंवा मुकाट्यानं दोन आकडे वाढवून दुसऱ्या दिवशी सुधारलेलं कोडं लावायचं. कुणाला कळलंही नसतं. तिसरी, तिचं उत्तर माझ्या उत्तराशेजारी फळ्यावर लिहायचं.

दुसरी वाट मोहाची होती, हे मान्य करतो. पण तिच्या वहीत लाल गोल होता. तो गोल मी काढला होता. वर्गासमोर तो खोडायला हवा होता, म्हणून तिसरी वाट घेतली. "हिचं बरोबर आहे, मी म्हणालो ते चूक," एवढं बोललो आणि दोन्ही चौरस शेजारी लिहिले.

वर्गात गोंधळ झाला. "मंग तिरप्यावर तीन-चारच येते म्हने?" रांगोळीवाली काही बोलली नाही, ती पाटीवर काहीतरी करत होती. तिनं वेचणीहून आलेल्या मुलीचं उत्तर तिरप्या रेघेवर पालटलं आणि १-२ ची अदलाबदल केली. तिसरं उत्तर निघालं:

३ १ ४ २
२ ४ १ ३
१ २ ३ ४
४ ३ २ १

हेही बरोबर! खालच्या कोपऱ्यात आता १. मी फळ्याकडे पाहत राहिलो, कारण तर्क मेलेला नव्हता, फक्त त्याचं बोलणं बदललं होतं. जे उत्तर पालटून स्वतःच राहतं ते एकटं असतं. जे तसं राहत नाही ते जोडीनं येतं. माझं उत्तर एकटं, तिचं उत्तर जोडीतलं, आणि जोडीतलं दुसरं पाटीवर. एक-एक घर धरून आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिलं, चौथं उत्तर नाही. खालच्या डाव्या कोपऱ्यात १ घेतला तर दोन उत्तरं, ४ घेतला तर एक, बाकी सगळं ठरलेलं.

शेवटचं काम उरलं कोडं दुरुस्त करायचं. माझ्या डोक्यात होतं: वरच्या उजव्या कोपऱ्यात २ आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात १ देऊ, म्हणजे सारखेपणाही राहतो आणि उत्तर एकच उरतं. दोन्ही द्यावे लागतात, एकानं भागत नाही. हे मी फळ्यावर लिहितच होतो, तेवढ्यात तीच मुलगी, ओरखडलेल्या बोटांची, म्हणाली, "दोन कायले? इथं चार टाका ना." आणि बोट ठेवलं खालच्या उजव्या कोपऱ्यावर. जिथं तिच्या उत्तरात २ होता, रांगोळीवालीच्या उत्तरात १ आणि माझ्या उत्तरात ४. एकाच आकड्यानं दोन्ही उत्तरं बाद. शिवाय ते घर तिरप्या रेघेवर, पालटताना जागचं हलत नाही, आणि ४ अदलाबदलीत बदलत नाही, म्हणून कोड्याचा सारखेपणाही शाबूत. मला दोन आकडे लागत होते तिथं तिला एक लागला.

निकाल

मोठा निकाल असा काही नाही. वेचणी संपत आली तशी मुलं परत आली, धडे पुढे गेले, झाकणांची पिशवी कपाटात गेली. सातवीतली तीन आणि सहावीतली दोन मुलं आता कोडं पाहिलं की "यातलं सारखं काय काय?" असं स्वतःहून विचारतात. पाचवीच्या मुलांना चौरसाभोवती फिरायला मजा आली, त्यापलीकडे फारसं पोहोचलं असं मी म्हणणार नाही.

झाकणवाल्याच्या बाबतीत उलटंच झालं. पेपरातल्या सुडोकूत दिलेल्या आकड्यांची घरं बरेचदा सारखी मांडलेली असतात, अर्धी फेरी फिरवली की घर घरावर बसतं. ती मांडणी देखणेपणासाठी असते, आकडे मात्र कसेही असतात. यानं घरं सारखी पाहिली आणि उत्तरही सारखं असणार असं धरून अर्धं सुडोकू भरून टाकलं. अर्थात अडकला. आकड्यांचीही अदलाबदल ठरलेली हवी, एखाददुसरा आकडा जुळून चालत नाही, हे त्याला दोनदा सांगितलं. त्याला अजून पटलेलं नाही. पेपरात घरं सारखी दिसली की त्याचा हात शिवशिवतो.

लाल गोल मी खोडला. पण वही बंद करताना तिनं ते पान घडी घालून आत दुमडलं, हे मी पाहिलं.

आज वेगळं काय करेन

कोडं वर्गात नेण्याआधी ते नियम विसरून, घर धरून, एकदा सोडवेन आणि दुसरं उत्तर शोधायचा प्रामाणिक प्रयत्न करेन. चार-चारच्या पूर्ण मांडण्या एकूण २८८ च असतात, चार आकडे दिल्यावर तपासायला अर्धा तासही पुरे. तो अर्धा तास मी वाचवला होता.

तिरप्या रेघेचा तर्क सांगताना "कोड्याला उत्तर एकच असतं" हे वाक्य मी पटकन म्हणून पुढे गेलो. आता तिथंच थांबेन आणि विचारेन की हे कुणी तपासलं. दिलेले आकडे मुद्दाम कमी करून कोडं बिघडवून दाखवेन, म्हणजे मला जे अपघातानं मिळालं ते ठरवून मिळेल. तरी एक शंका राहते: ठरवून बिघडवलेल्या कोड्यात मुलांना ती चव येईल का? त्या दिवशी वर्ग जागा झाला तो सर चुकले म्हणून.

त्रिकोणाच्या वेळी ७ मधून वजा करायची खूण मी द्यायला नको होती. आणखी दोन दिवस गेले असते, पण ९ आणि १२ शेजारी ठेवून कुणीतरी ते पाहिलं असतं. रांगोळीवालीनं नक्कीच.

राहिला खजुराहोचा चौरस. त्यात कुठल्याही घरातून तिरपं दोन घरं पुढे गेलं, बाहेर पडलं तर दुसऱ्या बाजूनं आत आलं, की दोन्ही आकड्यांची बेरीज १७ येते: ७ समोर १०, १२ समोर ५. यंदाच्या वेचणीसाठी तो काढून ठेवलाय. वरची ओळ ७, १२, १, १४ एवढीच देणार आहे आणि १७ चा नियम. तिसरी ओळ त्यातून लगेच निघते. पण दुसरी आणि चौथी एकाच प्रकारे बसते का, हे या वेळी आधी घरी बसून पाहतोय.